खाचेतला देव

“आणि यातला एक जरी तुकडा काढला, तर?”

“तर मोटर बंद, महाराज. तिथल्या तिथे बंद.”

ऋजुता बोधनकरने लॅपटॉप महाराजांकडे वळवला. पडद्यावर एक जिवाणू होता, आणि त्याच्या मागे चाबकासारखी शेपटी. शेपटीच्या मुळाशी, जिवाणूच्या कातडीत, एक यंत्र गरगर फिरत होतं. त्याला दांडा होता, कडी होती, दांडा घासू नये म्हणून बुश होता, फिरवणारा भाग होता आणि पकडून ठेवणाराही होता.

“हे चित्र कुणी काढलं?”

“चित्र नाही. असंच आहे ते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मी स्वतः पाहिलंय. सुईच्या टोकावर अशा हजारो मोटरी मावतील. एका सेकंदात शेकडो फेरे घेतात, वाटलं तर उलट्याही फिरतात. आपल्या पंख्याला जमेल का?”

“आमच्याकडे पंखा नाही,” महाराज म्हणाले.

सातपुड्याचा पायथा संपून खारपाणपट्टा सुरू होतो, तिथे हा मठ आहे. मठ म्हणजे एक वड. वडाचं खोड आतून पोकळ आहे, पाच माणसं बसतील एवढं. आत धुनी, धुनीमागे आसन, आसनावर आबानाथ महाराज. बाहेर एक कुंड. त्याचं पाणी इतकं खारट की त्यात डाळ शिजत नाही.

या मठात दीक्षेला मंत्र नाही, वस्त्र नाही, माळ नाही. महाराजांना वाटलं की ते सांगतात आणि शंख वाजतो. झाली दीक्षा. बहुतेकांच्या वाट्याला तो शंख येतच नाही. तो सांभाळण्याचं काम महाराजांच्या शिष्याकडे, दयाळनाथांकडे होतं. त्यांच्या स्वतःच्या दीक्षेनंतर तो एकदाही वाजला नव्हता. वाजवण्याची त्यांची फार इच्छा होती. पण कुंभारमाशी अधूनमधून त्यात मातीचं घर बांधायची आणि दयाळनाथ काडीने ते कोरून काढायचे. शंखाचा तेवढाच उपयोग होत होता.

आज ते शंख धुऊनच बसले होते.

“तर यावरून काय म्हणायचंय तुला?” महाराजांनी विचारलं.

“हे आपोआप होणार नाही. थोडं थोडं करून तर नाहीच होणार. अर्धी मोटर कशाच्याच कामाची नसते. म्हणजे हे कुणीतरी विचार करून, एकदम, पूर्ण बनवलंय.” ती थांबली. “महाराज, मी लहानपणापासून देव शोधतेय. देवळात नाही सापडला. इथे सापडला.”

“यंत्रात.”

“यंत्रातही नेमका सांगते.” तिने चित्र मोठं केलं. एक कडं पडदाभर झालं. “हा बुश. जगात कुठल्याच प्रथिनाशी याचं नातं लागत नाही. याला आईबाप नाहीत. आणि ही आतल्या बाजूची खाच बघा. मोटरीला हिचा काही उपयोग नाही. मी खाच बुजवून पाहिली, तरी मोटर तशीच फिरते. मग ही कशाला ठेवली?”

“कशाला?”

“सही आहे ती, महाराज. कारागीर कोपऱ्यात करतो ना, तशी.”

दयाळनाथांनी कानाला हात लावून नमस्कार केला.

“पुण्याला काय करतेस?”

“संशोधन संस्थेत आहे. होते. सांगून आलेय की या महिन्यानंतर येणार नाही. आता तिथे शोधायचं काय? सापडलं. मला दीक्षा द्या.”

महाराजांनी धुनीतलं लाकूड आत सारलं.

“उद्या कुणी पोरगं उठलं आणि या कड्याचे आईबाप शोधून काढले, तर?”

“सापडणार नाहीत.”

“सापडले, तर?”

“मग... मग सही खोटी.”

“आणि देव?”

ऋजुता त्यांच्याकडे रोखून बघत राहिली. ती माघार घेणारी नव्हती.

“मग देवही नाही.”

“मोठी पैज लावलीस पोरी,” महाराज म्हणाले. “ज्याला पणाला लावलंस, त्याला विचारलंस का?”

दयाळनाथांनी शंख मांडीवरून खाली ठेवला.

महाराजांनी हात मागे नेऊन वडाच्या खोडावर थाप मारली.

“हे कुणी उभं केलं?”

“वड आहे तो. उगवला.”

“कसा? नीट बघ. चहूकडून मुळं आणि मधे काहीच नाही. आज ही मुळं एकमेकांना धरून आहेत. पण हा लहान होता तेव्हा मूळ दोऱ्याएवढं असणार. एवढी पोकळी मधे ठेवून दोरे उभे राहतात कधी?”

“नाही.”

“अर्ध्या उंचीचा पिंजरा उभा राहील?”

“नाही राहणार.”

“मग हाही एकदम झाला. पूर्ण. देवाने मधे उभं राहून दोरे हातात धरले, ते जाड होईपर्यंत. मग हात काढून घेतला. मी बसलोय ती त्याचीच जागा.”

ऋजुताला हसू आलं. महाराजांसमोर हसू नये म्हणून तिने ओढणी तोंडाला लावली, तरी ते फुटलंच.

“अहो महाराज, आत दुसरं झाड होतं. पाखराने त्याच्या शेंड्यावर बी टाकलं. वडाची मुळं त्या झाडाला धरून खाली उतरली, मातीत गेली, जाड झाली. आतलं झाड मेलं आणि कुजलं. ही पोकळी म्हणजे ते झाड. शाळेतलं पोरही सांगेल.”

“कुठाय ते झाड?”

“कुजलं म्हटलं ना.”

“तू पाहिलंस?”

“मी कशी पाहणार?”

“मी नाही पाहिलं. माझ्या गुरूंनी नाही पाहिलं. त्यांनीही पोकळीच पाहिली. कुणीच न पाहिलेलं झाड तू मधे घालतेस, आणि माझ्या देवाला हसतेस?”

“पण नाही दिसत म्हणजे नव्हतंच, असं कसं म्हणता तुम्ही?” ऋजुताचा आवाज चढला. “हा काय पुरावा झाला? आपल्याला माहीत नाही एवढाच त्याचा अर्थ. आपल्याला माहीत नाही तिथे देव घालून मोकळं व्हायचं का?”

तिने स्वतःचं बोलणं ऐकलं नव्हतं.

“मग दाखव,” महाराज म्हणाले. “दाखवलंस तर मी हरलो. नाही दाखवलंस तर आजपासून धुनीची राख तू काढायची.”

ऋजुताने लॅपटॉप बाजूला ठेवला, ओढणी कमरेला खोचली आणि गुडघ्यांवर बसून जमीन उकरू लागली. राख निघाली. वटवाघळांची विष्ठा निघाली. मग कडक माती लागली. बुंधा नाही, मूळ नाही, साल नाही.

“बाई, तिथं काही नाही,” दयाळनाथ म्हणाले. “मी रोज झाडतो.”

“रोज?”

“लहानपणापासून. कुजकं, भुसभुशीत काही दिसलं की नाल्यात नेऊन टाकतो. महाराजांची जागा स्वच्छ नको?”

ऋजुताने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती सांगण्यासारखी नाही.

ती पुन्हा उकरू लागली. नखांत राख गेली, कपाळावर काजळीचा पट्टा आला. महाराज आसनावरून उठून दाराशी जाऊन उभे राहिले. तिला जागा मिळावी म्हणून, की मजा बघायला, कळलं नाही.

शेवटी ती दमली. आसनावर बसणं बरं नाही म्हणून आसनाच्या कडेला बसली आणि भिंतीला, म्हणजे वडाला, पाठ टेकली.

लगेच सरळ झाली.

“महाराज, तुम्ही रोज इथेच टेकता?”

“हो.”

“टोचत नाही?”

“टोचतं. सवय झाली.”

तिने वळून पाहिलं. भिंत काजळीने काळीभोर होती. तिने ओढणीचं टोक बाटलीतल्या पाण्याने भिजवून पुसायला सुरुवात केली. काळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. आधी एक रेघ दिसली, मग तिला छेदणारी दुसरी. मग रांगाच्या रांगा. ताटात कापून ठेवलेल्या शंकरपाळ्यांसारख्या, खालपासून हात पोहोचेल तिथपर्यंत.

“शिंदी,” ती म्हणाली.

“काय?”

“शिंदीचं झाड होतं, महाराज. शिंदीची झावळी गळली की खोडावर असा खवला राहतो. इकडे या. हात लावून बघा. वडाने त्या झाडाला इतकं घट्ट धरलं की त्याचे खवले याच्या लाकडात उमटलेत. आतलं झाड गेलं, ठसा राहिला.” ती आता जवळजवळ ओरडत होती. “वडाला या नक्षीचा काय उपयोग? काही नाही. ती वडाची नाहीच. ती त्याची आहे, ज्याला धरून हा वाढला. निरुपयोगी आहे म्हणून तर कळतं, की आधी इथे दुसरं काहीतरी...”

तिचं बोट एका खाचेत होतं.

ते तिथेच राहिलं.

जमिनीवर लॅपटॉप उघडाच होता. पडद्यावर कडं फिरत होतं. खाच समोर यायची, जायची, पुन्हा समोर यायची...

“हरलो,” महाराज म्हणाले. असं म्हणताना इतका खूश झालेला माणूस दयाळनाथांनी कधी पाहिला नव्हता. महाराजांनी वाकून दोन्ही हात जोडले. तेही ऋजुताला.

दयाळनाथ गडबडले. “म्हणजे... शंख?”

“कुणासाठी? मी हरलो, तीही हरली. शंख काय वडासाठी वाजवतोस?”

ऋजुताने खाचेतलं बोट काढलं.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“काय?”

“शिंदीचं.”

“पाठीला टोचतं, एवढं ठाऊक होतं.”

ती उठली. लॅपटॉप मिटला. दीक्षेचं काही बोलली नाही, महाराजांनीही विचारलं नाही. वडाबाहेर आल्यावर मात्र ती थांबली आणि दयाळनाथांकडे वळली.

“तुम्ही रोज झाडता, असं म्हणालात ना?”

“हो बाई. रागावू नका. मले काय माहीत...”

“आम्हीही झाडतो. आमच्या लॅबमधला जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या स्वच्छ काचेत, स्वच्छ खाण्यावर वाढलेला. त्यात दुसरं काही उगवलं की आम्ही फेकून देतो. मग त्याचे नातेवाईक कुठून दिसणार?”

ती कुंडाच्या पायऱ्या उतरली, पाण्याची बाटली रिकामी केली आणि तळाशी हात घालून तीत काळा चिखल भरला.

“तीर्थ नेता काय?” दयाळनाथांनी काळजीने विचारलं. “पिऊ नका बाप्पा. जुलाब लागतील.”

ती गेल्यावर दयाळनाथांनी पंचक्रोशीत सांगून टाकलं. पुण्याच्या एका मोठ्या विदुषीला यंत्रात देव सापडला, सहीसकट. लोक विचारायला यायचे. दयाळनाथ हाताने मोटर फिरवून दाखवायचे. एका पुढाऱ्याने तर मठाच्या रस्त्यावर फलक लावायची तयारी दाखवली. महाराज म्हणाले, लाव, पण देवाला विचारून त्याचा फोटो टाक. मग पुढारी परत आला नाही.

पुढच्या वर्षी मोहाची फुलं गळायला लागली आणि ऋजुता आली.

फाट्यापासून मठ लांब आहे आणि ऊन मी म्हणत होतं. तरी ती चालत नव्हती, जवळजवळ पळत होती. केस सुटले होते. दयाळनाथांना ती दुरूनच हसताना दिसली.

“सापडला ना बाई? पक्का?”

“नाही सापडला.”

“म्हणजे?”

“सही खोटी निघाली.”

दयाळनाथ पायरीवर बसले. “अन् मी लोकायले सांगून बसलो...”

ती आत गेली. महाराज तिथेच होते, पाठ तिथेच टेकलेली. तिने नमस्कार केला आणि श्वास घ्यायलाही न थांबता लॅपटॉप उघडला.

“हा तुमच्या चिखलातला. याचं नाव अजून ठेवलं नाही. याला शेपटी नाही, मोटर नाही. हा पोहतच नाही, चिखलात पडून असतो. पण याच्या कातडीत हे बघा.”

पडद्यावर तेच कडं होतं.

“फिरत नाही,” महाराज म्हणाले.

“नाहीच फिरत. दार आहे ते. तुमच्या कुंडात मीठ किती! हा दिवसभर या दारातून मीठ बाहेर फेकतो. आणि दार बंद करायचं तर...” तिने बोट ठेवलं. एक बारीक तुकडा सरकत आला आणि खाचेत चपखल बसला.

“खिट्टी,” महाराज म्हणाले.

“खिट्टी! ती खाच खिट्टीची आहे, महाराज. आधी दार होतं. कुणा एकाच्या अंगात त्याच दारातून दांडा गेला. दाराचा बुश झाला. खिट्टीची गरज संपली, ती गेली. खाच राहिली.”

“शिंदी गेली, शंकरपाळे राहिले.”

“अगदी तस्सं.” ती हसली. “मी ज्यांना ‘येणार नाही’ सांगून गेले होते, त्यांच्याच दारात दुसऱ्या आठवड्यात उभी राहिले. ते म्हणाले, देव सापडला होता ना? मी म्हटलं, चिखलात हात घालू द्या, मग सांगते. परवा भर सभेत हे दाखवलं. मागच्या रांगेत एक आजी होत्या, आयुष्यभर याच मोटरीवर काम केलेल्या. खिट्टी बसली तशा त्या उठून उभ्या राहिल्या. मग सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या नाहीत, काही नाही. नुसते उभे.”

दयाळनाथ शंख कुशीत धरून दाराशी आले होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

“म्हणजे सही नव्हती,” महाराज म्हणाले.

“नव्हती.”

“कड्याला आईबाप निघाले.”

“निघाले.”

“पैज हरलीस.”

“सपशेल.”

“मग देव नाही. तूच म्हणाली होतीस.”

धुनीतलं लाकूड तडकलं. दयाळनाथांनी डोळे मिटून घेतले.

ऋजुता बोलायला गेली आणि थांबली. तिचं हसू गेलं नव्हतं, पण डोळे भरले होते.

“महाराज, खिट्टी पहिल्यांदा दिसली ना, तेव्हा मी खुर्चीतून उठले आणि टेबलाला नमस्कार केला. शेजारची पोरं बघत होती. कुणाला केला, मला नाही सांगता येणार. चिखलात पडून मीठ फेकणारं एक दार... त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्याच्यातून पुढे पोहणं निघालं. आता हे दार तरी कशातून आलं? परवापासून तेच शोधतेय. त्याच्याही आत कुणीतरी असेल, आणि त्याच्याही आत... मंगळवारी परत जायचंय, पण मला झोप नाही लागत, इतका...”

तिने लॅपटॉप मिटला.

“मी त्याला एका खाचेत ठेवलं होतं, महाराज. खाच भरून गेली. आता कुठे ठेवू?”

तिने हात उचलला. कुंडाकडे नेला. चिखलाकडे, पायरीवरच्या मुंग्यांकडे. वडाकडे, वडातल्या शंकरपाळ्यांकडे. दयाळनाथांच्या शंखाकडे, त्यात पुन्हा घर बांधू पाहणाऱ्या कुंभारमाशीकडे. हात थांबायला जागा शोधत होता आणि थांबत नव्हता...

महाराज त्या हाताकडे बघत राहिले.

मग ते उठले.

“दयाळा, शंख वाजव. देव सुटला.”